लाल झेंडीची जागा

अंबड चौफुलीवर फळांच्या गाड्यापाशी उभ्या असलेल्या माणसानं एक मोसंबी उचलली, अंगठ्याच्या नखानं तिची साल इवलीशी खरवडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून घेतले. एवढंच झालं. पण राजनंदिनीच्या हातातली पिशवी घसरली, आणि कडेवरच्या ईश्वरीला तिनं इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरली. "ओ साहेब, घ्यायची तर घ्या, वास काय फुकटचा घेऊन राह्यले!" गाड्यावाला ओरडला. माणूस हसला. "बराबर हाय, भाऊ, बराबर हाय," म्हणाला, आणि मग तिला काही शंका उरली नाही. पोट सुटलं होतं, नारिंगी जाकीट गेलं होतं, इस्त्रीचा शर्ट आला होता. पण 'बराबर' तोच होता, तुपात भिजवलेला, समोरच्याचं सगळं आधीच मान्य करून टाकणारा. त्याच्या स्कूटरवर पुढं एक पोरगा उभा होता, पिवळ्या टीशर्टातला. तसलाच पिवळा टीशर्ट ईश्वरीच्या अंगात होता. एकाच बालवाडीचा. राजनंदिनी गाड्याच्या दुसऱ्या बाजूला सरकली, सीताफळांच्या ढिगाआड, आणि स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटलं. आला तो राग नव्हता. हरवलेली वस्तू अचानक सापडल्यावर येतो तसला हलका, जवळजवळ सुखाचा घाम आला होता.

तीन वर्षांपूर्वी ती माहेरी आली होती, पहिल्या बाळंतपणाला. गाव अंकुशनगरच्या रस्त्याला, गावाच्या जरा अलीकडं तिच्या वडिलांचं, बप्पांचं रान, रानात मोसंबीची बाग, बागेला लागून विहीर आणि विहिरीपासून हाकेवर पत्र्याचं घर. जमिनीच्या पोटात तेल नाहीतर गॅस आहे का हे बघायला एक कंपनी आली होती. आधी नुसतीच पोरं आली आणि शिवारभर ठरावीक अंतरानं लाल झेंड्या रोवत गेली. ज्याच्या रानात झेंडी, त्याच्या रानात खोल भोक. भोकात दारू ठासायची, उडवायची. तो हादरा दूरवर पसरलेल्या वायरी ऐकणार आणि त्यावरून खाली काय दडलंय ते कळणार. हे सगळं गावाला पारावर बसून समजावून सांगितलं ते यानं, राधेश्यामनं. शेतकऱ्यांची परवानगी घेत फिरायचं काम कंपनीनं त्याच्याकडं दिलं होतं. गाव हसून हसून बेजार झालं. "सोनूबाईच्या म्हशीला आता डिझेल येतंय बघा." सोनूबाई म्हणायची, "येऊ द्या की मेल्याहो, तुमच्या फटफट्या तरी फुकट चालतील!" राधेश्यामही हसायचा. म्हातारी माणसं त्याची मामा आणि मामी झाली, बायका ताई झाल्या. बप्पांच्या बागेत तर तो रोजच यायचा, मोसंबी खरवडून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "मामा, अत्तराचा कारखानाच टाकलाय तुमी." माय चहा करायची आणि राजनंदिनी दाराआडून कप पुढं करायची. त्यानं तिचा हात तेवढा पाहिला असेल, हिरव्या बांगड्यांचा. तिनं मात्र त्याला पुरता पाहिला होता. बाईमाणसाला दारामागून जेवढं दिसतं तेवढं समोर बसलेल्याला कधी दिसत नाही.

उडवायच्या दिवशी शिट्ट्या झाल्या. माय म्हणाली, आत बस. ती ओट्यावरच उभी राहिली, दोन्ही हात पोटावर. आवाज काही मोठा नव्हता, दिवाळीतल्या सुतळी बॉम्बाइतकाही नव्हता. पण तळपायांतून काहीतरी वर चढलं, पोटऱ्यांतून, मांड्यांतून, कमरेतून, आणि पोटातलं पोर, दिवसभर लाथा झाडणारं, एकदम गप्प झालं. विहिरीशेजारून चिखलाचं कारंजं उडालं, बागेतल्या साळुंक्या एकदम उठल्या आणि कितीतरी वेळ खाली उतरल्याच नाहीत. पोर दिवस कलेपर्यंत हललं नाही. मायनं गूळ खायला घातला, कुशीवर निजवलं, पोटावर गार पाण्याचा हात फिरवला. शेवटी आतून एक धक्का बसला. पण तो नेहमीचा नव्हता, कुणीतरी दार वाजवून लगेच पळून जावं तसा. तेव्हापासून राजनंदिनी त्या पोराकडं कान लावून आहे. ईश्वरी तीन वर्षांची होत आली तरी मोजके शब्द बोलते. डॉक्टर म्हणतात, कान चांगले आहेत, बोलेल, घाई कशाला. सुमित, तिचा नवरा, म्हणतो, माझा चुलतभाऊ पाच वर्षांचा होईस्तोवर मुका होता आणि आता बियाण्याच्या प्लँटवर युनियनचा पुढारी आहे, कुणाला बोलू देत नाही. राजनंदिनी हसते. मनात म्हणते, त्या दिवशी तळपायांतून जे वर चढलं ते अजून हिच्यात आहे आणि ते मी कुणाला तरी परत करणार आहे.

विहीर आटली असती तर गोष्ट वेगळी होती. आटलेली विहीर पावसाळ्यात भरते. ही फुटली. आधी पाणी गढूळ झालं, मग कपारीतला जो झरा भर उन्हाळ्यातही बोटभर धार धरायचा तो बंद पडला. पावसाळ्यात पाणी आलं आणि फुटक्या माठातून जावं तसं हळूहळू खाली निघून गेलं. मोसंबीला दरवर्षी ताण देतात. झाड मलूल होईस्तोवर पाणी तोडायचं आणि मग सोडायचं, म्हणजे ते अंगभर फुलतं. त्या वर्षी ताण कुणी दिला नव्हता, तो आपणहून आला होता. आणि बाग अशी फुलली की रस्त्यावरची माणसं गाड्या थांबवून वास घ्यायची. माय झाडाखाली उभी राहून रडली. "बघ गं, या येड्या झाडाला वाटून राह्यलं, आता आपण पाणी सोडणार." ही झाडं तिनं कमरेवर घागरी वाहून जगवली होती, पाइपलाइन नव्हती तेव्हापासून. पुढच्या उन्हाळ्यात बाग तोडली आणि लाकूड भट्टीला गेलं. कंपनीचं म्हणणं एकच होतं: भोक विहिरीपासून लांब होतं, पार बांधावर, नकाशात तसंच आहे. हे सांगायला आलेल्या कंपनीच्या साहेबाला मायनं खोटारडा म्हणून सगळ्यांसमोर झोडपलं होतं. राजनंदिनी तान्ही पोर मांडीवर घेऊन म्हणायची, बप्पा, चला तहसीलला, मी बीएस्सी झालेय, मी बोलते सगळं, तुम्ही नुसते उभे राहा. बप्पा चपला शोधायला लागायचे. खाटेखाली बघायचे, दारामागं बघायचे, आणि चपला त्यांच्या पायातच असायच्या.

आता दोघं तिच्याकडंच होते, जालन्यात, तिसऱ्या मजल्यावर. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात, आणि हे दोघं जावयाच्या घरी नळाची वाट बघत बसायचे. नळ यायचा आठवड्या-दहा दिवसांनी. आला की बप्पा सगळ्यांच्या आधी उठून ड्रम, बादल्या, पातेली, ईश्वरीच्या खेळण्यातली बादलीसुद्धा भरायचे. माय शेजारी उभी राहून शिव्याशाप द्यायची. भांडं भरत आलं की तिचा आवाज चढायचा. ज्यानं माझ्या विहिरीत सुरुंग लावला त्याच्या घशाला थेंब मिळू नये. बप्पा मान खाली घालून नळी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात घालायचे. राजनंदिनीला त्यांची दया यायची. काकासाहेब म्हणून गावात मान होता, मोसंबीचे व्यापारी त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. तो माणूस आता प्लॅस्टिकच्या मगानं फरशीवर सांडलेलं पाणी गोळा करत होता. ती त्यांच्या हातातला मग घ्यायची आणि मनातल्या मनात राधेश्यामला न्हाणीघरात उभं करायची, डोळ्यांत साबण, हात नळाकडं, आणि नळाला नुसती हवा. हे चित्र तिला फार आवडायचं. ते कधी जुनं झालं नाही.

चौफुलीवरच्या त्या दुपारनंतर या चित्राला पत्ता मिळाला. राजनंदिनी मुळातच टेहळणी करणारी बाई; ईश्वरीच्या श्वासापासून जिन्यातल्या अनोळखी चपलांपर्यंत सगळ्यावर तिचं लक्ष असायचं, आणि आता त्या सवयीला काम मिळालं. पोरगा 'मोठा गट'मध्ये होता. त्याला आणायला त्याची आई यायची, मीना नाव, गोरी, घाईतली, सदा घामेजलेली. राजनंदिनी तिच्याशी बोलायला लागली. मीना मोकळ्या मनाची निघाली. नवऱ्याचं मध्यंतरी एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात चाललं होतं, उष्णतेनं अंगावर पुरळ यायचं, आता जुन्या कंपनीनं परत बोलावलंय, बाहेरचं काम, पण माणूस खुश आहे. "माणसांत राह्यला की खुलतो वो तो. कुणाला न्हाई म्हणणं माहीतच न्हाई." राजनंदिनी म्हणाली, "हो का?" आणि ईश्वरीचे केस सारखे केले. एके दिवशी बालवाडीच्या दारात चपला-बुटांच्या ढिगात त्या पोराचा निळा बूट दिसला. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं तो उचलला, पदराखाली धरला, कोपऱ्यावरच्या नाल्यापर्यंत चालत गेली आणि टाकला. मग परत येऊन मीनाबरोबर तो शोधला. वाकून, फळ्यांखाली बघून, बाईंना विचारून. मीना रडकुंडीला आली, पोरगा एका पायावर लंगडी घालत हसत राहिला आणि ईश्वरी नाल्याकडं बोट दाखवत उभी होती, न बोलता. राजनंदिनीनं ते बोट आपल्या मुठीत धरलं. घरी येताना तिचे कान जळत होते. लाजेनं की दुसऱ्या कशानं, तिनं बघितलं नाही. बूट फार लहान होता, एवढंच तिला कळलं. त्यानं काही भागणार नव्हतं.

तिला मोठं हवं होतं, आणि ते कसं करायचं हे तिला माहीत होतं. ती त्याला मायसमोर उभा करणार होती. इतके दिवस नळाला, भांड्यांना, भिंतींना दिलेला शाप एकदा खऱ्या तोंडावर पडू द्यायचा. तिनं मीनाला चहाला बोलावलं, सहकुटुंब. रविवारी मीनाचं डोकं दुखत होतं म्हणून राधेश्याम एकटाच पोराला घेऊन आला. खिडकीतून स्कूटर दिसली तशी राजनंदिनी खाली उतरली. आत मायला काहीच सांगितलेलं नव्हतं. पाहुणे येणार एवढंच. सुमित कामावर गेला होता. माय शेंगदाणे भाजत होती आणि बप्पा ईश्वरीला पाठीवर घेऊन घोडा झाले होते. जिना अंधारा, अरुंद. पोरगा पायऱ्या मोजत पुढं पळाला. राधेश्याम मागून धापा टाकत येत होता. "ताई, माहेर कोणतं तुमचं?" पहिल्या वळणावर त्यानं विचारलं. हे विचारावं असं तिनं किती वेळा मनात घडवून आणलं होतं. ती थांबली आणि मागं वळली. त्याचा चेहरा पडताना बघायचा होता. "अंकुशनगरच्या रस्त्याला. मोसंबीची बाग होती आमची. काकासाहेबांची."

त्याचा चेहरा उजळला. खोटा नाही, खराखुरा. गाडीत हरवलेला भाऊ भेटावा तसा. "काकासाहेब मामा? आरं देवा! तुमी मामांच्या लेक? त्या कामानंतर म्या तिकडं फिरकलोच न्हाई. मंग मला सांगा ताई, पाणी वाढलं का मंग मामांच्या विहिरीचं?"

तिची मान किंचित हलली. त्याला ते हो वाटलं असावं. "मामांनी लई गळ घातली होती वो. आमची झेंडी पार बांधावर होती. विहिरीजवळ मारायचंच न्हाई, असा कंपनीचा नियम हाय. पण मामा दोन दिवस मागं मागं फिरले. म्हणले, आमी विहिरीला सुरुंगाचे तोटे लावतो तर ब्लास्टिंगवाल्याच्या पाया पडावं लागतं, तुमचा तर एवढा दणदणीत, आयता. काठाजवळ मारा, झरे मोकळे होतील. मी म्हणलं, मामा, न्हाई जमत. पण त्यांचं तोंड बघवंना. मी काय इंजिनेर हाय व्हय? बीकॉम झालेला माणूस. मला वाटलं, होतीलबी मोकळे, जमिनीचं कुणाला कळतं? शेवटी म्याच बांधावरची झेंडी उपटून मामांच्या हातात दिली. म्हणलं, लावा तुमच्या हातानं, तुमच्या देवाचं नाव घेऊन. अन् हापिसात काही बोललो न्हाई."

जिन्यात शेंगदाण्यांचा वास येत होता. राजनंदिनीनं कठड्याला हात लावला. लोखंड गार होतं. तिच्या मनात बप्पा चपला शोधत होते. खाटेखाली, दारामागं, वर्षभर, दोन वर्षं. नळाशी वाकलेली त्यांची पाठ दिसली, त्या पाठीवर मायचा शाप पडत होता आणि पाठ हलत नव्हती. आणि आपण त्या पाठीची दया केली. तिच्या आत जे इतके दिवस एका दिशेला तोंड करून बसलं होतं ते उठलं, वळलं, आणि वरच्या मजल्याकडं बघायला लागलं. समोरचा माणूस निर्दोष झाला नव्हता. नियम त्याला माहीत होता, बप्पांना नव्हता. कुणाचं तोंड बघवत नाही म्हणून त्यानं एक विहीर देऊन टाकली होती. पण तो परका होता. परक्याचा राग सोपा असतो. वरून मायच्या बांगड्या वाजल्या. हा माणूस आता वर जाईल आणि मायसमोर हसत हसत हेच विचारील. "लागलं," ती घाईनं म्हणाली. "पुष्कळ लागलं पाणी. पण त्या विषयावर आत काही काढू नका. भाऊबंदकी आहे, दृष्ट लागते."

"बिलकुल न्हाई काढत!" राधेश्यामनं स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "पण ताई, तुमी माझं वझंच उतरवलं. पुढच्या हप्त्यात गोदाकाठाकडं काम सुरू होऊन राह्यलं. तिथं धर्मराज म्हणून एक म्हातारा हाय, तोबी असाच मागं लागलाय. झेंडी विहिरीजवळ घ्या म्हणतो. मी न्हाई म्हणून राह्यलो होतो त्याला. आता देतो झेंडी त्याच्या हातात. पुण्यच लागंल."

तो पुढच्या पायरीवर चढलासुद्धा. धर्मराज नावाच्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण त्याची बायको तिला दिसली, तिची घागर दिसली, आणि एखादी लेक, दाराआडून हात पुढं करणारी. तिनं त्याचा शर्ट मागून धरला. "थांबा. मी खोटं बोलले. विहीर फुटली. तळ फुटला तिचा. त्या दिवसापासून थेंब नाही तिच्यात. बाग तोडली आम्ही. लाकूड विकलं. ऐकू येतंय का तुम्हाला? तुमचं पुण्य आमच्या घरात ड्रम भरत बसलंय!" आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला जिन्यानं तो परत फेकला तेव्हा कळलं. राधेश्याम पायरीवरच वळला. आता पडला चेहरा, तिला हवा होता तसा, तुकड्या-तुकड्यानं, डोळ्यांपासून खाली. तिनं तो पोटभर बघितला.

दारात माय उभी होती, हातात उलथनं. मागं बप्पा, पाठीवर ईश्वरी. मायनं त्याला ओळखलं. तिला वेळ लागला नाही. ती रोजच त्याला आपल्या शिव्याशापांत भेटत होती. "तू," ती म्हणाली. "तूच व्हय रं? माझ्या हातचा चहा पिऊन माझ्या विहिरीला भोक पाडलंस?" आणि मग जे सुरू झालं ते राजनंदिनीनं किती वेळा मनात ऐकलं होतं, पण खरं त्याहून मोठं होतं. मायनं घागरी मोजल्या, झाडं मोजली, झाडांना ठेवलेली नावं घेतली, जावयाच्या दारातलं जिणं काढलं. शेजारच्या मदीहाभाभी दार उघडून उभ्या राहिल्या आणि "या अल्ला" म्हणून पोरग्याला आपल्या घरात घेऊन गेल्या. शेवटी मायनं उलथनं त्याच्या छातीला लावलं. "सांग, झेंडी कुणी लावली तिथं? कंपनीनं, का तू?"

राधेश्यामनं वर पाहिलं. बप्पांकडं. बप्पांच्या गळ्याभोवती ईश्वरीचे हात होते आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की राजनंदिनीनं नजर काढून घेतली. तेच तोंड असणार, दोन दिवस मागं मागं फिरलेलं. "म्या लावली, मामी," राधेश्याम म्हणाला. "म्याच. चुकलं." राजनंदिनीनं पुन्हा बप्पांकडं पाहिलं. ती वाट बघत राहिली. राधेश्याम मायच्या पायाशी वाकला, पोरग्याला घेऊन जिना उतरला, खाली स्कूटरला किक बसेना. एवढा सगळा वेळ बप्पांना होता. ते बोलले नाहीत. राजनंदिनी खाली धावत गेली तेव्हा तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला झेंडी देत न्हाई, ताई. लेकराची शपथ. मामांना मात्र काही बोलू नका." आणि गेला. तो असा सहज सुटून गेला म्हणून तिला त्याची चीड आली, आणि जाताजाता तो बप्पांनाही सोडवून गेला म्हणून त्याहून जास्त.

माय त्या संध्याकाळी वेगळीच बाई होती. तिनं केस विंचरले, ठेचा केला, भाकरीवर तेल घातलं, बप्पांना म्हणाली, "खावा आज. लई दिसांनी उरातला धोंडा हालला." बप्पा खात होते. दर घासाला लेकीकडं बघत होते आणि राजनंदिनी वाढत होती. बप्पांचं ते गुपित आता तिच्याकडं होतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं. ईश्वरीचं पिणं तोडलं तेव्हा असंच झालं होतं. पोर दूर झोपली होती तरी दूध येतच राहिलं, छाती दगडासारखी झाली, कुणी हात लावला तरी जीव जायचा, आणि ते कुठं घालायचं ते कळत नव्हतं. मायनंच शेवटी सांगितलं होतं, मोरीत पिळून टाक, ठेवू नको अंगावर. "उद्या रानात जाऊ," माय मध्येच म्हणाली. "बाग तोडल्यापासून म्या पाऊल ठेवलं न्हाई. आता तोंड दाखवायला हरकत न्हाई विहिरीला." बप्पा म्हणाले, गुडघा दुखतोय. राजनंदिनी म्हणाली, "मी नेते ना, बप्पा. हळूहळू जाऊ."

सकाळच्या शहागडच्या एसटीनं चौघं गेले. रान दुसऱ्याला बटईनं, वाट्यानं कसायला दिलेलं होतं. बागेच्या जागी कापसाची पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटलेली, आणि ऊन असं स्वच्छ होतं की लांबच्या लांब बांधावरची बाभळ काट्याकाट्यानं दिसत होती. माय विहिरीच्या काठावर बसली. आत वाकून बघितलं, खडा टाकला, तो वाजला. रडली नाही. पदरानं काठावरची धूळ पुसली, म्हाताऱ्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "त्याला बोलले बाई तुझ्यासाठी," ती विहिरीला म्हणाली, "काही ठेवलं न्हाई मनात." बप्पा दूर उभे होते, पाठमोरे. हे असंच राहू शकलं असतं. माय अशीच निवलेली राहिली असती, आणि बप्पा असेच उरलेल्या आयुष्यभर तिचे ड्रम भरत राहिले असते. राजनंदिनीला हे सगळं दिसत होतं. आणि तरी तिचा आवाज निघाला तो अगदी साधा, गोड, लेकीचा. "बप्पा, झेंडी आधी कुठं होती, ते दाखवा ना मायला."

"आधी?" माय म्हणाली.

बप्पांनी लेकीकडं पाहिलं. तिनं ईश्वरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि नजर हलू दिली नाही. मग ते वळले. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून चालायला लागले. किती तरी वेळ चालत होते. गुडघ्यानं लंगडत, बोंडं सावरत, लहान लहान होत. बांधावर चढले आणि बाभळीपाशी उभे राहिले. तिथून इथवर एवढं रान मध्ये पसरलं होतं की त्यांचा चेहरासुद्धा दिसत नव्हता.

माय काठावरून उठली. बांधाकडं बघितलं, पायाखालच्या जागेकडं बघितलं, पुन्हा बांधाकडं. तिचे ओठ हलले, जणू ती मधलं अंतर तोंडानं मोजत होती. "म्हंजे कंपनी खोटं न्हवती बोलत," ती सावकाश म्हणाली. मग कपाळावर हाताची सावली करून तिनं रान चिरत जाईल अशी हाक दिली, "अवो, मंग तिथून इथं कुणी आणली?"

बप्पांना ऐकू गेलं असणार. वारा नव्हता. त्यांनी बाभळीच्या खोडाला हात टेकला.

"दोन दिस त्याच्या मागं मागं फिरत होते हे," माय म्हणाली; लेकीला नाही, कुणालाच नाही. "पाटीभर मोसंब्या घेऊन. मला वाटलं, पोराला खाऊ घालून राह्यले." तिनं पुन्हा हाक दिली नाही. पदर कमरेला खोचला, विहिरीकडं पाठ केली आणि सडकेच्या दिशेनं चालायला लागली, भराभर, घागर नसलेल्या बाईच्या चालीनं. राजनंदिनी तिच्या मागं निघाली. सडकेला लागल्यावर तिनं एकदा वळून पाहिलं. बप्पा बांधावर तसेच उभे होते, कुणीतरी ये म्हणेल म्हणून. एसटी लांबून दिसायला लागली होती. मायनं एसटीला हात केला, आणि राजनंदिनीनंही बप्पांना हाक मारली नाही.